नाशिकमधल्या छोट्या वकिली ऑफिसात पक्षकारांची माहिती हॅकर्सपासून कशी सांभाळावी?

आधी ऑफिसच्या ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर दुसरी खात्री, जसं मोबाइलवरचा कोड) लावा आणि केस फाइल्सचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) तिलाही लॉक करू शकतं. वकिलांच्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, त्यावरून सांगतो: सीबीएस बस स्टँडजवळ कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याला प्रिंटसाठी पक्षकाराचं आधार, खरेदीखत व्हॉट्सॲपवर पाठवणं कटाक्षाने बंद करा. ते त्याच्याकडे कितीही दिवस पडून राहतं. ऑफिसात साधा प्रिंटर घ्याच. कारकुनालाही हे समजवा, कारण भारतीय साक्ष अधिनियम, 2023च्या कलम 132 मधलं गोपनीयतेचं बंधन त्यालाही लागू आहे. मात्र बॅकअपने फाइल परत मिळते, चोरीला गेलेली माहिती नाही. निदान लॅपटॉपच चोरीला गेला तर आतलं कोणी वाचू नये, म्हणून त्याची डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करा.