कागदावर नको, आधी तोंडाने मोज

कवितेचं वृत्त, म्हणजे ओळीतल्या आखूड-लांब अक्षरांचा ठरलेला क्रम, ओळखायला बसलास की लगेच पेन्सिल उचलू नकोस. ओळ चार वेळा मोठ्याने म्हण, मांडीवर ठेका धर. सुरुवात मनाच्या श्लोकांपासून कर, कारण चाल तुझ्या कानात आधीच आहे.

'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ घे. बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू (आखूड-लांब-लांब) असा 'य' गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, चारदा. म्हणजे वृत्त भुजंगप्रयात. नवखे अडतात ते 'सज्जना'पाशी. निव्वळ जोडाक्षर आहे म्हणून ते स्वतः गुरू होत नाही, त्याच्या आधीचं अक्षर होतं. म्हणून 'स' गुरू, 'ज्ज' लघुच. पुढच्या ओळीतल्या 'स्वभावे'तला 'स्व'सुद्धा लघु. (मी कित्येक महिने तो गुरू धरायचो आणि गण जुळत नाहीत म्हणून वैतागायचो.) 'तुम्ही'सारख्या शब्दातल्या 'तु'वर मात्र पुढच्या जोडाक्षराचा आघात (जोर) येत नाही, तो लघुच राहतो. इथे नियमापेक्षा कानाचं ऐक.

यमक पटकन उरकेल: जावे, स्वभावे, द्यावे, करावे. या श्लोकाच्या चारही ओळींना एकच.

खरी गंमत पुनरावृत्तीत आहे. याच श्लोकातलं 'जनी निंद्य ते सर्व' आणि 'जनी वंद्य ते सर्व' एकाखाली एक लिही. सगळी चौकट तीच, बदललंय फक्त 'निं'चं 'वं'. तेवढ्यात अर्थ पार उलटतो! 'पुनरावृत्तीमुळे नाद निर्माण होतो' असलं गुळगुळीत वाक्य लिहून थांबू नकोस. काय तसंच राहिलं आणि काय बदललं, ते लिही.

हे जमलं की ओवीकडे वळ. तिथे अक्षरांची मोजणी बरीच सैल असते, गणांचा हिशेब चालणार नाही.