'जेरीमँडरिंग'ला मराठीत काय म्हणावं?

जेरीमँडरिंग म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी मुद्दाम स्वपक्षाला फायदा होईल अशा आखणं. प्रश्न असा आहे: त्यासाठी 'परिसीमन' चालेल का, की सरळ 'वेडीवाकडी मतदारसंघरचना' म्हणावं?

'परिसीमन' नको. तो कारभारातला निर्विकार शब्द आहे. लोकसंख्या बदलली की हद्दी नव्याने आखायच्या, एवढंच तो सांगतो. (मराठीत 'परिसीमा' बहुतेकदा अन्यायाचीच होते, पण तो योगायोग.) जेरीमँडरिंग हा मात्र थेट आरोप आहे.

शब्द १८१२चा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ स्वपक्षाला सोयीचे करणाऱ्या कायद्यावर सही केली. एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ असा काही वळणं घेत गेला, की बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याच्या नकाशाला डोकं, पंख आणि नख्या चढवून चित्र छापलं. ते दिसलं सॅलॅमँडरसारखं. सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर. त्याच्या नावाला गेरींचं नाव जोडलं आणि 'जेरीमँडर' झालं. आडनावाचा उच्चार 'ग'ने, शब्द मात्र 'ज'ने रूढ झाला. त्या निवडणुकीत गेरींच्या पक्षाला मतं कमी पडली, तरी सिनेटच्या ४०पैकी २९ जागा त्यांच्याच. गेरी स्वतः मात्र गव्हर्नरपद हरले. ती निवडणूक राज्यभराची, तिथे हद्दींचा काय उपयोग!

आता 'वेडीवाकडी'. ते चित्र डोळ्यांपुढे असलं की हा शब्द सुचणारच, पण तो फसवा आहे. २५ मतदार घ्या: १५ 'अ' पक्षाचे, १० 'ब'चे. पाच-पाच जणांचे पाच मतदारसंघ करा. 'अ'चे ९ जण दोन मतदारसंघांत कोंबा आणि उरलेले ६ बाकीच्या तीन मतदारसंघांत दोन-दोन करून फोडा. 'ब'ला तीन जागा! लोक तसे राहत असतील तर हे सगळं अगदी चौकोनी, नीटनेटक्या हद्दींनीही जमतं. उलट एखादी वाकडी हद्द नुसती नदीच्या काठाने गेलेली असते. म्हणजे खोट आकारात नाही, हेतूत आहे.

म्हणून मी 'सोयीची हद्दआखणी' म्हणेन. 'सोयीची' या विशेषणात कुणाच्या सोयीची हा टोमणा आयताच येतो. क्रियापदं तर वर आलीच, 'कोंबणे' आणि 'फोडणे'. त्यांना संस्कृत प्रतिशब्द शोधत बसू नका. अभ्यासाच्या लेखात मूळ शब्द ठेवून पहिल्यांदा येईल तिथे मराठी फोड द्यावी. बातमीच्या मथळ्यात मात्र 'जेरीमँडरिंग' मावतही नाही.