कुत्र्याचं नख तुटलंय? आधी दाबून धरा

भाऊ, घाबरू नका. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असते, म्हणून एवढंसं नख तुटलं तरी फरशीभर रक्त दिसतं आणि जनावर कळवळतं. आमच्याकडे रावेरला काळ्या मातीच्या भेगेत पाय अडकून मोतीचं अंगठ्याचं नख उलटलं होतं. तो पंजा ओढायचा, मी सोडून बघायचो, रक्त पुन्हा सुरू. चूक माझीच. सारखं उचलून बघायचं नाही.

कितीही गरीब कुत्रा असो, दुखताना चावतो. एकाने डोकं धरावं, दुसऱ्याने स्वच्छ सुती कापड ५ ते १० मिनिटं घट्ट दाबावं. थांबत नसेल तर नखाच्या टोकाला चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबा.

रक्त थांबलं की कोमट मिठाच्या पाण्याने हळूच धुवा, कोरडं करा. बाहेर नेताना मोजा घाला, घरात काढा. ओला मोजा तर लगेच काढा. चाटू देऊ नका.

हे मात्र नको:
- लोंबतं नख ओढून काढणं.
- स्पिरिट ओतणं.
- आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देणं. कुत्र्याच्या जिवावर बेततं.

१५-२० मिनिटांत रक्त थांबलं नाही, नख मुळापासून हललं, किंवा दोन दिवसांनी सूज-पू दिसला, तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. नखं कापायचं नंतर शिकू, आधी पंजा बरा होऊ द्या.