थिकनेस प्लेनर सुरक्षितपणे कसे चालवावे? हातमोजे कोणते घालावेत?

आपण विचारले आहे की, घरच्या लहान कारखान्यासाठी थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारे मशीन, घेतले आहे, ते चालवताना हातमोजे कोणते घालावेत आणि फुटापेक्षा लहान तुकडे त्यातून काढले तर चालतात का. हातमोज्यांचे उत्तर सोपे आहे: कोणतेही घालू नयेत. लाकूड आत ओढणाऱ्या रोलरला अनेकदा दाते असतात आणि हातमोज्याचे टोक त्यात सापडले, तर ते बोटाला सोबत घेऊनच आत जाते. खरबरीत फळ्या उचलताना आणि पाती बदलताना हातमोजे जरूर घाला, पण बटण दाबण्यापूर्वी काढून खुंटीला अडकवा. एवढेच सांगायचे असते, तर मी लिहायला बसलो नसतो. आपला सगळा प्रश्न चालू मशीनबद्दल आहे, आणि माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे वरचे पेर बंद मशीनने नेलेले आहे.

कोल्हापुरात टिंबर मार्केटच्या बाजूला आमचे सुतारकामाचे दुकान आहे. आबांनी ते हातरंध्यावर सुरू केले आणि मशीन आले ते माझ्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या हट्टामुळे. बारा इंची, थ्री फेजवर चालणारे, ओतीव लोखंडाचे ते जुने मशीन होते. त्याचा ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंडगोल, मिनिटाला ५००० फेरे घेतो आणि त्याला ३ पाती आहेत, म्हणजे लाकडावर सेकंदाला २५० घाव पडतात. मशीनसोबत हिरव्या आणि लाल बटणाचा स्टार्टर आला होता. तो दिवसातून चार-पाच वेळा ट्रिप होत असे, म्हणजे आपोआप बंद पडत असे. माझे म्हणणे असे होते की, पात्यांची धार गेली आहे आणि आपण एका वेळेला सूत-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) काढतो आहोत, म्हणून मोटरवर ताण येतो आणि स्टार्टर आपले काम करतो. दादांचे म्हणणे असे की, स्टार्टरच रद्दी आहे. घरातला थोरला आणि धाकटा यांच्यात असा वाद झाला, तर निकाल कोणाच्या बाजूने लागतो हे आपल्याला सांगायला नको. दादांनी स्टार्टर काढून टाकला आणि त्या जागी लोखंडी पेटीचा, हँडल ओढायचा साधा स्विच बसवला.

या दोन्हींत फरक काय, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. स्टार्टरच्या आत एक कॉइल असते आणि वीज असेपर्यंतच ती संपर्क धरून ठेवते. लाईट गेली की संपर्क सुटतो, आणि लाईट परत आली तरी कोणीतरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. साध्या स्विचला ही अक्कल नसते. हँडल चालूवर राहिले, तर लाईट येताच मोटर पुन्हा फिरू लागते. दादांना तर तो गुणच वाटत होता. ‘लाईट आली की आपसूक सुरू हुतंय की, तुला उठायला लागत न्हाई,’ असे त्यांनी मला कौतुकाने दाखवले होते. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे ती सोय खरीच वाटायची.

२००९ च्या मे महिन्यातली दुपार होती. फळ्या आंब्याच्या होत्या आणि पुरत्या वाळलेल्याही नव्हत्या. ओल्या लाकडाचा काप, म्हणजे पात्याखालून निघणारा छिलका, कोरड्या सागवानासारखा भुरभुर उडत नाही, तो लोळ्यांनी चिकटत जातो. भुसा ओढणारा पंखा आमच्याकडे तेव्हा नव्हता. झाकणाखाली काप कोंबला गेला, फळी अर्ध्यात अडकली, आणि नेमक्या त्याच वेळी वळवाचा पाऊस सुरू होऊन लाईट गेली. ब्लॉकचा आवाज हळूहळू उतरत पूर्ण थांबेपर्यंत मी वाट पाहिली, ही काळजी मी घेतली होती आणि ती पुरेशी आहे असे मला मनापासून वाटत होते. दुकानात अंधार, पत्र्यावर पावसाचा तडतडाट. मी झाकण उचलले आणि डाव्या हाताने काप उपसू लागलो. पिवळसर, ओलसर, आंबूस वासाचा गच्च गोळा होता आणि त्याच्या मागे पात्याची धार बोटाला गार लागत होती. तिसरी की चौथी मूठ बाहेर काढताना वरचा बल्ब पेटला. बल्ब पेटल्याचे मला दिसले, हे आजही स्पष्ट आठवते. हात मागे घेण्याइतका वेळ मात्र त्या आणि मोटरच्या मध्ये नव्हता. दुखले ते नंतर, आधी फक्त फळीवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला.

दादांनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या हाताला गुंडाळला, मला स्कूटरवर मागे बसवले आणि भर पावसात रुग्णालयात नेले. वाटेत ते एकच वाक्य बोलले: ‘हात घातलासच कशाला?’ हे वाक्य मी त्यानंतर दिवाळीत, लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर इतक्या वेळा ऐकले आहे की, कोणी मशीनच्या सुरक्षिततेबद्दल विचारले की मला आधी तेच ऐकू येते. म्हणून माझे मत येथे स्पष्ट लिहून ठेवतो. ज्या मशीनमध्ये काप अडकतो, त्यात माणूस आज ना उद्या हात घालणारच. दमलेला, घाईत असलेला, अंधारात उभा असलेला माणूस हात घालेल, असे गृहीत धरूनच मशीनची जोडणी करायची असते. हात घालणाऱ्याची चूक एका क्षणाची होती, स्टार्टर काढणाऱ्याची चूक तिथे सात महिने भिंतीवर लटकत होती. मी घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दादांनी कोणाला न सांगता नवा स्टार्टर आणून बसवला. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘स्विच कडक झाला होता, म्हणून बदलला.’

आता आपल्या कामाचे. काप अडकला किंवा पाती बदलायची असतील, तर केवळ मशीनचे बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून उपसून आपल्याला दिसेल अशी टेबलावर ठेवावी. थ्री फेज असेल, तर मेन बंद करून फ्यूज काढून खिशात घालावेत. काप हाताने न काढता लाकडी पट्टीने काढावा. फळी अडकली, तर तिला मागून ठोकू नये. मशीन बंद करून टेबलाचे चाक फिरवावे आणि टेबल थोडे खाली घ्यावे, म्हणजे ती आपोआप मोकळी होते. एका वेळेला अर्ध्या सुतापेक्षा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नये, आणि लहान मशीनवर रुंद फळी असेल, तर त्याहूनही कमी. फळी मागे फेकली गेली, तर ती सरळ रेषेत येते, म्हणून उभे राहायचे ते बाजूला. खाली वाकून आत डोकावण्याची खोड तर पहिल्याच दिवशी मोडावी. वेगवेगळ्या जाडीच्या दोन फळ्या शेजारी शेजारी घालू नयेत, कारण रोलर जाड फळीवर टेकतो आणि पातळ फळीला कोणाचीच पकड राहत नाही. पाती पुन्हा बसवल्यावर बोल्ट दोनदा तपासावेत आणि पट्टा हाताने फिरवून ब्लॉकचा एक पूर्ण फेरा घ्यावा. वायरमनने थ्री फेजची जोडणी हलवली असेल, तर मशीन आधी रिकामे चालवून पाहावे, कारण दोन वायरींची अदलाबदल झाली की ब्लॉक उलटा फिरतो.

जुने लाकूड येत असेल, तर वेगळी सावधगिरी हवी. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे फुगलेल्या दारांचा आणि चौकटींचा ढीग लागला होता. फटींत बसलेल्या गाळाने दोन दिवसांत धार खाल्ली, आणि डोके तुटलेले खिळे तर वरून दिसतच नव्हते. आधी तारेच्या ब्रशने घासावे आणि मग जाड लोहचुंबक फिरवावे. पितळी स्क्रूला चुंबक धरत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.

कानांना मफ आणि नाकाला चांगला मास्क लावावा, यावर आमच्याकडे अजूनही हसतात. लाकडाचा भुसा कर्करोगाला कारण ठरतो, अशी नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच केलेली आहे, तेव्हा हसणाऱ्यांना हसू द्यावे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्टार्टर असता तरी मेन न काढता हात घालणे चूकच ठरले असते. कॉइलचा संपर्क चिकटू शकतो, शेजारचा माणूस बटण दाबू शकतो, आणि लोखंडाचा वजनदार ब्लॉक नुसता हाताने फिरला तरी बोट कापतो. दादांचे तेवढे म्हणणे खरे आहे, आणि ते मी त्यांच्यासमोर अजून कबूल केलेले नाही. दुसरे असे की, आपले मशीन बहुधा सिंगल फेजचे, टेबलावर ठेवायचे असेल, त्याला आमच्यासारखा स्टार्टर नसेल. त्याची परीक्षा घरीच करता येते. लाकूड न घालता मशीन चालू करा, भिंतीवरचे बटण बंद करा, ब्लॉक पूर्ण थांबू द्या, मशीनपासून दूर उभे राहून भिंतीवरचे बटण पुन्हा चालू करा. मशीन स्वतःहून फिरू लागले, तर लाकूड घालण्यापूर्वी वायरमनला बोलावून ‘नो व्होल्ट’ स्विच, म्हणजे स्टार्टरसारखा लाईट गेली की सुटणारा स्विच, बसवून घ्या.

लहान तुकड्यांचे राहिले. आत घेणारा आणि बाहेर काढणारा असे दोन रोलर असतात, आणि तुकडा त्या दोघांमधील अंतरापेक्षा आखूड असेल, तर मधल्या टप्प्यात त्याला कोणीच धरलेले नसते. पाते त्याला फिरवते, फोडते किंवा उडवते. किमान लांबी मशीनच्या पुस्तिकेत दिलेली असते, त्याखाली जाऊ नये. फुटापेक्षा लहान तुकडे हवे असतील, तर लांब फळी आधी रंधून मग कापावी, आणि तुकडे कापूनच आले असतील, तर आबांचा हातरंधा आमच्याकडे आजही फळीवर ठेवलेला आहे, तसा एक आपणही घ्यावा.