हप्ता झेपेल का, हा प्रश्न नंतरचा

वाचकाचे पत्र थोडक्यात असे: त्यांच्याकडे आठ ट्रॅकचा, म्हणजे आवाजाच्या आठ स्वतंत्र पट्ट्यांचा, हार्डवेअर सिंथेसायझर आहे, पण यूएसबीवरून संगणकात सगळ्या ट्रॅकचा मिळून एकच स्टीरिओ आवाज पोहोचतो. ट्रॅक सुटे मिळावेत म्हणून २४ ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर नवा सिंथेसायझर घेण्याचा त्यांचा विचार आहे आणि बुकिंगची रक्कमही भरून झाली आहे. त्याला यूएसबी-सी पोर्ट आहे आणि आठ ट्रॅकची सोय पुढच्या फर्मवेअर (यंत्रातले सॉफ्टवेअर) अपडेटमध्ये येणार आहे, असे विक्रेत्याने सांगितले आहे. हप्ता झेपेल का, एवढेच त्यांना विचारायचे आहे. शेवटी एक वाक्य आहे: ‘आधीच्या सिंथेसायझरची थोडी बाकी क्रेडिट कार्डावर आहे, पण किमान रक्कम दरमहा न चुकता भरतो, त्यामुळे तिकडची काळजी नाही.’

काळजी तिकडचीच आहे. पण आधी ज्या वस्तूसाठी हे कर्ज काढायचे, तिच्याकडे पाहू.

तुम्ही सोबत जोडलेल्या माहितीपत्रकात ‘यूएसबी २.०, फुल स्पीड’ असे छापलेले आहे आणि विक्रेत्याने त्यातला फक्त पहिला अर्धा भाग वाचून दाखवलेला दिसतो. यूएसबी २.० हे मानक २००० साली आले आणि सेकंदाला ४८० मेगाबिटचा हाय स्पीड त्यात आला हे खरे, पण १२ मेगाबिटचा जुना फुल स्पीडही त्याच मानकात कायम राहिला, त्यामुळे १२ मेगाबिटच्या यंत्रावरही ‘यूएसबी २.०’ लिहिता येते आणि त्यात खोटे काहीच नसते. यूएसबी-सी हा केवळ पोर्टाचा आकार आहे. त्यावरून वेग कळत नाही.

फुल स्पीडमध्ये दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते आणि अखंड ऑडिओच्या एका प्रवाहाला त्या फ्रेममध्ये जास्तीत जास्त १,०२३ बाइट मिळतात. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आणि २४ बिट या नेहमीच्या दर्जाच्या एका मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, ट्रॅकला मिलिसेकंदाला ४८ नमुने, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १४४ बाइट लागतात. आठ ट्रॅकचे १,१५२ झाले. म्हणजे मोनो ट्रॅकसुद्धा मावत नाहीत, आणि स्टीरिओ ट्रॅकांना तर याच्या दुप्पट जागा लागेल. १६ बिटवर उतरल्यास ७६८ बाइटमध्ये आठ मोनो ट्रॅक कागदावर बसतात, पण संगणकाकडून परत येणारा आवाज, मिडी (वाद्यांना सूचना देणारे संदेश) आणि प्रत्येक पाकिटामागचा नियंत्रणाचा खर्च यांनाही त्याच तारेतून जायचे असते, म्हणून स्टीरिओवर थांबणारा निर्माता कंजूषपणा करतो असे म्हणता येत नाही.

हा वेग यंत्राच्या आतील चिपवर ठरतो. यंत्र चालवणाऱ्या अनेक छोट्या चिपांत (मायक्रोकंट्रोलर) फुल स्पीडचा भाग अंगभूत असतो आणि हाय स्पीडसाठी वेगळी चिप बोर्डावर बसवावी लागते. ती बसवलेली नसेल, तर कोणतेही अपडेट ती आणू शकत नाही. एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा महागडा यूएसबी ३ हबही इथे निरुपयोगी आहे, कारण त्यात जोडल्यावरही फुल स्पीडचे यंत्र १२ मेगाबिटनेच बोलते आणि अनेक हबांमध्ये तर फुल स्पीडची सगळी यंत्रे मिळून तेवढाच वेग वाटून घेतात. थोडक्यात, ज्या अडचणीतून सुटण्यासाठी तुम्ही कर्ज काढणार आहात, तीच अडचण नव्या खोक्यातही आहे.

आता पैसे. हिशेब सोपा राहावा म्हणून तुमच्या हातात येणाऱ्या महिन्याच्या उत्पन्नाला १०० धरतो. नव्या यंत्राची रोख किंमत २३०, हप्त्यांवर २५०, आणि ‘बिनव्याजी’ योजनेसाठी सक्तीची संरक्षण योजना २०. म्हणजे २३० ऐवजी २७० आणि महिन्याला सव्वाअकरा. दोन वर्षांत सरासरी निम्मीच रक्कम देणे राहते हे लक्षात घेतले, तर हे ४० म्हणजे वर्षाला सोळा-सतरा टक्के व्याज आहे. संरक्षण योजनेचे पहिले वर्ष निर्मात्याच्या हमीतच जाते आणि बटणांची झीज तिच्या अटींनुसार वगळलेली आहे. अशा योजनेचा लाभार्थी ती विकणारा असतो.

‘थोडी’ बाकी तुमच्या विवरणपत्रानुसार १०० आहे, म्हणजे पूर्ण महिन्याचे उत्पन्न, आणि व्याज महिन्याला ३ टक्के. किमान देय ५ टक्के भरत राहिलात, तर वर्षभरात सुमारे ५५ भराल आणि बाकी ७७ उरेल. ३२ व्याजात गेले. अर्धे कर्ज फिटायलाच अडीच वर्षांहून अधिक लागतील, तेही कार्डावर नवी खरेदी केली नाही तर. जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही, त्यामुळे कार्डावर घेतलेल्या केबललाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. नियमितपणे किमान रक्कम भरणे ही शिस्त नव्हे; त्याने फक्त विलंब शुल्क टळते.

आणि हे चालू असताना वर्षाला ६ टक्क्यांच्या ठेवीत तुमचे १८० पडून आहेत! त्यातले १०० काढून कार्डाची बाकी या महिन्यातच शून्य करा. हाताशी ८० राहतात. ही गंगाजळी तोकडी आहे, पण फार काळ तशी राहणार नाही. जो सव्वाअकराचा हप्ता झेपेल असे तुम्हाला वाटत होते तो आणि वाचलेले किमान देय मिळून महिन्याला साधारण १६ बाजूला पडतात. सहा-सात महिन्यांत ठेव भरून निघते आणि पुढच्या चौदा-पंधरा महिन्यांत रोख किमतीचे २३० जमतात. हप्त्यांच्या २४ महिन्यांपेक्षा हे आधीच होते.

सुटे ट्रॅक मिळाले की संगीताची कमाई हप्ता भरून काढेल, ही आशा मी हिशेबात घेतलेली नाही. गेल्या वर्षी संगीतातून तुम्हाला ६ मिळाले आणि वर्षाचे हप्ते १३५ होतात; बावीस पटींहून अधिक वाढ यूएसबी केबलमधून येत नाही.

तोवर काम अडू देऊ नका. संगणकाच्या मिडी क्लॉकवर, म्हणजे संगणकाने दिलेल्या तालावर, सिंथेसायझर चालवा आणि बाकीचे ट्रॅक बंद ठेवून एकेक ट्रॅक ध्वनिमुद्रित करा. स्टीरिओचे इफेक्ट बंद ठेवून एक मोनो ट्रॅक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे वळवला, तर एका फेरीत दोन सुटे ट्रॅक मिळतात. चार मिनिटांची रचना चार फेऱ्यांत, सोळा मिनिटांत होते. फेऱ्यांमध्ये काही मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणून प्रत्येकीच्या सुरुवातीला एक टकटक नोंदवून त्यावर सगळे ट्रॅक जुळवून घ्या. तुम्ही महिन्याला दोन रचना करता, म्हणजे तासाभराचे काम.

बुकिंगची रक्कम परत मिळण्याची मुदत अजून दहा दिवस आहे. बुकिंग रद्द करण्याचे पत्र द्या आणि पोच घ्या. पुढे रोखीने घ्यायची वेळ येईल तेव्हा विक्रीसाठीचेच यंत्र आपल्या संगणकाला जोडून जोडणीचा वेग १२ दिसतो की ४८०, आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत त्या दिवशी किती इनपुट दिसतात, हे पाहून मगच पैसे द्या.