घाटात फ्रिज बंद, गॅरेजमध्ये चालू: फ्रिज बदलण्याआधी अर्थिंगचा जोड तपासा

तुम्ही लिहिलंय की ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेल्या कॅम्परमध्ये (राहायच्या गाडीत) घाट चढताना फ्रिज बंद पडतो, पाण्याचा पंप अडखळतो, आणि इलेक्ट्रिशियनकडे गाडी उभी केली की सगळं सुरळीत. बॅटरी नवी टाकून झाली, आता फ्रिज बदलायच्या विचारात आहात. कृपा करून थांबा. दोन वेगळ्या वस्तू एकदमच त्रास देतात तेव्हा दोष बहुतेक दोघांच्या सामाईक वाटेवर असतो: निगेटिव्हचा जोड, मेन फ्यूजचा होल्डर नाहीतर बॅटरीचं टर्मिनल.

इलेक्ट्रिशियनने मीटरवर 12.6 व्होल्ट दाखवले म्हणता. फ्रिज तेव्हा चालू होता का? वायरीतली एकच तार धड उरली असली तरी मीटर 12.6च दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. जोडात अर्धा ओहम जरी आला, तरी 6 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच जिरतात. फ्रिजला उरतात साडेनऊ, आणि बॅटरी कमी झाली असं समजून त्याचा कंट्रोलर कॉम्प्रेसर बंद करतो. एलईडी दिव्यांना करंट अगदी थोडा लागतो, ते चालू राहतात. म्हणून संशय फ्रिजवर जातो.

तेव्हा फ्रिज आणि पंप दोन्ही चालू ठेवूनच तपासा. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, तोही क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटावर. दुसरा फ्रिजच्या निगेटिव्ह टर्मिनलवर. प्रोब पुरत नसेल तर वायरचा तुकडा जोडून घ्या. 0.2-0.3 व्होल्टच्या आत असेल तर ठीक. आता दुसऱ्या कुणाला तरी एकेक जोड हाताने हलवायला सांगा (घाटातले हादरे हेच करतात), आणि तुमची नजर आकड्यावर. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासा.

माझ्या गाडीत असंच चार महिने चाललं होतं. ताम्हिणी घाटात हमखास फ्रिज बंद. आकडा 0.1 वर स्थिर होता; सीटखाली चासीला जोडलेल्या अर्थच्या (निगेटिव्ह) वायरच्या थिंबलला, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्याला, हात लावला आणि तो एकदम 1.8 वर गेला. वरून सगळं ठाकठीक दिसत होतं, बोल्टही घट्ट. वायर जरा ओढली तर थिंबलमधून निघून हातात आली, आतल्या तारा काळ्या पडून हिरवा कळंक चढलेला. वर थिंबल चासीच्या रंगावरच आवळलेलं. कोकणातल्या खाऱ्या हवेत असा जोड खराब व्हायला फार दिवस लागत नाहीत.

दुरुस्ती साधी आहे, पण बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा आणि इन्व्हर्टर बंद ठेवा. काळी पडलेली वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, योग्य मापाचं थिंबल चांगल्या क्रिम्पिंग टूलने दाबा (पक्कडीने दाबलेलं हादऱ्यांनी सुटतं), रंग खरवडून पत्रा उघडा करा, आवळल्यावर वरून ग्रीस लावा. फ्यूज मात्र कधीही मोठा टाकू नका. वायर पेटते ती त्यानेच.

जोड सगळे पक्के निघाले, तर वायरची जाडी बघा. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन 10 मीटर असेल, तर 10 अँपिअरला वायरीतच 0.7 व्होल्ट जातात. फ्रिजला बॅटरीपासून स्वतंत्र जाड जोडी ओढा, निगेटिव्हसकट. चासीवर विसंबू नका.

फ्रिज-पंप चालू असतानाचे निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह बाजूचे दोन्ही आकडे इथे लिहा, पुढे कुठे बघायचं ते सांगतो.