वाटीसारखा झालेला रुमाल

मावशी, सप्रेम नमस्कार.
मी नाशिकच्या सिडकोत राहते, वय 46. क्रोशाकाम आईकडून शिकले. तोरणं, रुमाल, भाचरांच्या टोप्या, आजवर जे केलं ते घरात बसून, एकटीनं. दोन महिन्यांपूर्वी शेजारणीकडून कळलं की गंगापूर रोडवरच्या एका बागेत दर रविवारी सकाळी विणणाऱ्या बायका जमतात. एकदा गेले. एकीकडे मेरिनो लोकर, दुसरीकडे बांबूच्या सुया. माझ्या पिशवीत मेन रोडवरून आणलेली साधी ॲक्रिलिकची लोकर. त्यांचं बोलणं 'डीसी', 'ट्रेबल' असं. मला टाक्यांची मराठी नावं, साखळी, खांब आणि मुका खांब, एवढंच ठाऊक. मी पिशवी उघडलीच नाही. निघताना एकीनं गोल रुमालाच्या नमुन्याचा कागद दिला. डीसी म्हणजे खांब, असं लेकीनं मोबाइलवर बघून सांगितलं. तसं केलं तर रुमाल सपाट बसेना, वाटीसारखा वर आला. दोनदा उसवला, तिसऱ्यांदाही तेच. हे म्हणतात, घरी करतेस तेच करायला तिकडे कशाला जायचं? मला तर जावंसं वाटतं. पण कोणत्या तोंडानं जाऊ?
– सिडकोतली एक वाचक

अगं, तू मला मावशी म्हणालीस, म्हणून मीही अगंतुगं करते.

आधी रुमालाचं बघू, कारण तुझं निम्मं दुखणं त्या रुमालातच आहे. तो कागद काढ आणि पहिल्या फेरीत किती टाके घ्यायला सांगितलेत ते बघ. 6 असतील आणि पुढच्या प्रत्येक फेरीत 6 वाढवायचे असतील, म्हणजे 6, 12, 18, 24, तर तो नमुना मुक्या खांबाचा आहे आणि तू तो खांबानं केलास. तुझा हात चुकलेला नाही, नाव चुकलं. इंग्रजी नमुने दोन पद्धतींचे असतात. ब्रिटिश नमुन्यात डीसी (डबल क्रोशे) म्हणजे आपला मुका खांब आणि अमेरिकन नमुन्यात तोच डीसी म्हणजे आपला खांब. आपल्या खांबाला ब्रिटिश लोक ट्रेबल म्हणतात, तर अमेरिकन ट्रेबल म्हणजे आपला दुहेरी खांब. लेकीनं बघितलेला अर्थ बरोबरच होता, फक्त दुसऱ्या देशाचा. नमुन्यात कुठंही 'सिंगल क्रोशे' दिसलं की तो अमेरिकन समजायचा, ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

आणि वाटी का झाली? मुका खांब जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच. खांब त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच. वर्तुळ जितकं बाहेर सरकतं, त्याच्या सहापटीहून थोडा जास्त त्याचा परीघ वाढतो. म्हणून मुक्या खांबाला फेरीमागे 6 टाके वाढवले की पुरतं, खांबाला 12 लागतात: 12, 24, 36. तू उंच खांब घातलेस आणि वाढवले सहाच. कडेला टाके कमी पडले, कड आवळली आणि रुमाल उभा राहिला. याच्या उलट टाके जास्त झाले असते तर कडेला झालर आली असती. हे एकदा कळलं की कोणत्याही गोल कामात नमुन्यावाचून तुझं अडणार नाही.

आता त्या बायकांचं. तू त्यांची लोकर बघितलीस, पण त्यांचे हात बघितलेस का? मेरिनो मऊ असते, ऊबही छान देते, पण गरम पाण्यात चोळून धुतली की आटून नमद्यासारखी घट्ट होते. तुझी ॲक्रिलिक रोजच्या धुण्याला टिकते, तिला कसर लागत नाही, लहान मुलांच्या टोप्यांना उत्तम. फक्त तिच्यावर कडक इस्त्री फिरवू नकोस. आणि हा रुमाल गरम पातेल्याखाली घालायचा असेल तर मात्र सुती दोऱ्याचाच कर, ॲक्रिलिक उष्णतेनं वितळतं. कुठली लोकर कशाला, एवढाच तो प्रश्न आहे. तुझ्या ऐपतीचा त्यात काही संबंध नाही.

माझं लग्न होऊन मी पंचवटीतल्या एका वाड्यात आले, तेव्हा तिथं माझं कुणी नव्हतं. दुपारी बायका ओट्यावर सुया घेऊन बसायच्या आणि मी खिडकीतून बघायची. एका थंडीत ह्यांच्या स्वेटरचा गळा घटवताना अडले. तीन दिवस उसवत बसले, चौथ्या दिवशी सुयांसकट तो स्वेटर घेऊन ओट्यावर गेले. एका काकूंनी काही न बोलता तो हातात घेतला, अंगठ्याच्या नखानं टाके मोजले आणि म्हणाल्या, "इथं खाली एक निसटलाय बघ." मग क्रोशाची सुई घालून तो टाका शिडीच्या पायऱ्या चढवावा तसा एकेक करत वर आणला. जेमतेम पाच मिनिटं. त्यानंतर त्या ओट्यावर माझी जागा झाली ती वाडा सुटेपर्यंत. पुरा झालेला स्वेटर घेऊन गेले असते तर "छान झालाय हो" म्हणून त्यांनी परत दिला असता. म्हणून तुला सांगते, चांगलं झालेलं तोरण घेऊन जाऊ नकोस. अडलेलं काम घेऊन जा.

आणि तुझ्याकडूनही त्यांना पुष्कळ मिळेल. त्या कागदावर डीसीशेजारी मराठीत 'मुका खांब' लिहून दाखव. तिथल्या निम्म्या जणींनी खांब, मुका खांब हे शब्द आजीकडून ऐकलेले असतील आणि कित्येक वर्षांत उच्चारलेही नसतील. हे शब्द तुझ्या तोंडात अजून ताजे आहेत, ते का लपवावेस?

यजमानांच्या प्रश्नाला मी एकच उदाहरण देईन. चेन्नईत 31 जानेवारी 2016 ला क्रोशाचं तोवरचं जगातलं सगळ्यात मोठं पांघरूण मांडलं गेलं, 11,148.5 चौरस मीटरचं. त्याचे तुकडे शेकडो बायकांनी आपापल्या घरी बसूनच केले होते. जोडायला मात्र एकत्र यावं लागलं. तुला काही विक्रम करायचा नाही, हे मला माहीत आहे. पण घरी करायचं काम वेगळं आणि चार जणींत बसून करायचं वेगळं, हे त्यांना यावरून पटेल. नाही पटलं, तरी रविवारचे दोन तास तुझे आहेत. पोहे करून ठेव आणि नीघ.

ओळखी झाल्या की एखाद्या रविवारी सगळ्यांना येवल्याला घेऊन जा. नाशिकपासून साधारण 80 किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. तिथं मागावर पैठणी चाललेली असते. दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून मोर, पोपट असे विणतात की पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला त्याहून जास्त वाटतं ते तिथल्या माणसांचं. विणणारा हात कुणाचा हे त्यांना बघताक्षणी कळतं. तुझा क्रोशा बघून ते दोन प्रश्न नक्की विचारतील.

पण ते पुढचं. या रविवारी लवकर जा, म्हणजे सगळ्या जमल्यावर आत शिरायचा संकोच होणार नाही. जिनं कागद दिला तिच्याच शेजारी बस आणि रुमाल तिच्या मांडीवर ठेव. बिघाडाचं कारण तुला आता माहीत आहे, तरी आधी तिला बघू दे, मोजू दे. तोवर तिसऱ्यांदा उसवू नकोस बाई. तसाच, वाटीसारखा, पिशवीत घालून घेऊन जा.

– मावशी